गार्मिन ईट्रेक्स २२एक्स: नर्मदेच्या फुगवट्यात फोनपेक्षा बरं का?

ज्यांना हतनूरच्या नाहीतर उकाईच्या पाण्यात तासभर चक्कर मारून यायचंय त्यांनी हे हातात धरायचं जीपीएस यंत्र घेऊच नका भो, फोन पुरतो. मी कामासाठी अक्कलकुवा-धडगावकडच्या नर्मदाकाठच्या गावांना बोटीने जातो, सरदार सरोवराच्या फुगवट्यातून, तिकडे रस्ता कमी न पाणीच जास्त, म्हणून घेतलं.

रेंज गेली की फोनचं जीपीएस बंद पडतं असं निम्मे लोक धरून चालतात. नाही पडत. ते सॅटेलाइटवर चालतं, टॉवर लागतो तो सुरुवातीला लोकेशन पटकन सापडायला आणि नकाशा उतरवायला. तळोद्यातच ऑफलाइन मॅप डाउनलोड करून निघालं की मणिबेलीकडेही निळा ठिपका बरोबर सरकतो. उघड्या पाण्यावर फोन न ईट्रेक्सच्या अचूकतेत मला तरी फरक दिसला नाही.

फोन मार खातो तो उन्हात. मे महिना, स्क्रीन फुल ब्राइट, जीपीएस चालू, मग तो तव्यासारखा तापतो, स्वतःच ब्राइटनेस पाडतो आणि नेमकं बघायचं तेव्हा काही दिसत नाही. ओल्या बोटांना टच दाद देत नाही. वरून बॅटरी सेव्हर ट्रॅकिंगचं ॲप मधेच बंद करून टाकतो, काठाला लागल्यावर कळतं अर्धाच रस्ता सेव्ह झालाय.

ईट्रेक्सला दोन पेन्सिल सेल (AA) लागतात, कंपनी २५ तास म्हणते, संपले तर मोलगीच्या बाजारात कुठल्याही दुकानात मिळतात, पॉवर बँकेची कटकट नाही. टचच नाही, सगळी बटणं. जितकं कडक ऊन तितकी स्क्रीन जास्त साफ दिसते. आयपीएक्स७ आहे, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं तग धरतं, पण तरंगत नाही, तेव्हा दोरी बांधाच. स्क्रीन मात्र २.२ इंच, चाळिशीवाल्यांनी चष्मा विसरू नये, आणि बटणांसोबतच्या एवढ्याशा दांडीने गावाचं नाव टाइप करणं म्हणजे डोक्याला ताप.

आता खरी गोष्ट. नकाशातल्या निळ्या रंगावर जाऊ नका, दोन्हीतल्या. हे धरण भरलं की पाणी १३८.६८ मीटरला, आणि खाली ११०.६४ पर्यंत उतरवता येतं, म्हणजे तब्बल २८ मीटरचा फरक! दिवाळीच्या आसपास जिथून बोट सुसाट गेली तिथे उन्हाळ्यात टेकडीचं डोकं नाहीतर वाळलेल्या झाडांचे शेंडे असतात, कधी पाण्याच्या जरा खाली, म्हणजे दिसतही नाहीत. म्हणून मी नावाडी दादांसोबत उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असताना ट्रॅक रेकॉर्ड करतो. तेव्हा बोट जुन्या पात्रातूनच जाते आणि तो ट्रॅक भरल्या पाण्यातही चालतो, उलटं मात्र करू नका. फाइलला नाव देताना महिना टाका. हे काम फोनवरही होतं, पण अर्धवट ट्रॅक असला तर काय उपयोग?

किंमत एका बऱ्यापैकी फोनएवढी, त्यामुळे महिन्यातून चार वेळा पाण्यात जाणार असाल तरच. ५ पैकी ४, एक मार्क स्क्रीनचा कापला. आणि कोणी परदेशातून सॅटेलाइट मेसेज पाठवणारं मॉडेल आणून देतो म्हटलं तर नको म्हणा, आपल्याकडे परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही, विमानतळावरच अडकाल.