बंदूक परवान्यासाठी ठसे: शाई की स्कॅनर?

रानडुकरांपासून पीक राखायला खानापूरकडचा शेतकरी नमुना ए-1 (बंदूक परवान्याचा अर्ज) भरतो. ठसे मागितले की अडचण बोटांचीच. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, ऊसतोडीनं रेषा झिजतात.

अशा बोटांना शाई बरी. काचेवर रोलरनं छपाईची काळी शाई अगदी पातळ पसरायची. जाड झाली की रेषांमधल्या फटी बुजतात आणि कागदावर नुसता डाग उरतो. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच लोळवायचं, अंगठा अंगाकडे, बाकीची बोटं अंगापासून बाहेर. जोर ठसे घेणाऱ्या पोलीस शिपायानं लावायचा, अर्जदारानं हात सैल सोडायचा. (मदत करायला जाणाराच ठसा फरफटवतो.) घामट बोट आधी स्पिरिटनं पुसावं. नंतरची शाई रॉकेलनं निघते.

स्कॅनर स्वच्छ, झटपट. ठसा बिघडला तर तिथंच कळतं, लगेच दुसरा घेता येतो. पण कोरडं बोट त्याला फिकं दिसतं. ओल्या फडक्याला जरा टेकवून पुन्हा ठेवावं. काच दर माणसामागे पुसली नाही, तर आधीच्याचा तेलकट ठसा खाली उमटतो.

दोन्हींत बरा उपाय एकच: आठवडाभर आधी काजू-कोयत्याला सुट्टी, रात्री खोबरेल. मात्र ठशांच्या दिवशी तेल नको.