गच्चीवरचं ठिबक : डब्यातलं किट की तासगावच्या दुकानातला सुटा माल?

‘४० कुंड्यांसाठी संपूर्ण ठिबक संच, १५ मिनिटांत बसवा’ असं लिहिलेले डबे आता सांगली-मिरजेत घरपोच येतात. चित्रात हिरवीगार बाल्कनी असते, आत काळ्या बारीक पाइपची गुंडाळी, टपोरे लाल ड्रिपर (कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) आणि नळाला लावायचा जोड. ज्या जिल्ह्यात द्राक्षबागांनी ठिबक घरोघरी नेलं, तिथल्या गच्चीवर हे किट किती चालतं, याचा हा हिशेब. निकाल आधीच सांगतो. घरात प्रेशर पंप असेल तर डब्यातलं किट कामचलाऊ आहे. गच्चीवरच्या टाकीच्या भरवशावर चालवायचं असेल तर ते घेऊ नका, तासगाव, मिरज किंवा पलूसच्या ठिबकवाल्याकडून सुटा माल आणा.

सगळा खेळ दाबाचा आहे. ड्रिपरवर ‘४ लिटर’ लिहिलेलं असतं ते तासाला ४ लिटर, आणि तेही १ किलो दाबाला. १ किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून आलेलं पाणी. आपल्याकडे टाकी जिन्याच्या खोलीवर असेल तर कुंडीच्या तोंडापासून पाण्याची उंची अडीच ते साडेतीन मीटर भरते, म्हणजे पाव किलोच्या थोडं वर. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दाब चौथाई झाला की पाणी निम्मं. म्हणून ४ लिटरचा ड्रिपर तिथे तासाला २ लिटर देतो आणि तेवढं पुरतं. पण टाकी गच्चीतच दोन-तीन फुटी स्टँडवर असेल तर उंची मीटरभरच उरते, तोच ड्रिपर सव्वा लिटरवर येतो आणि टाकी रिकामी होत आली की त्याच्याही निम्म्याखाली. अशा घरांनी सरळ ८ लिटरचे ड्रिपर घ्यावेत. त्यांची वाट रुंद असल्याने ते तुंबतातही कमी.

आता डब्यातलं किट इथे कुठे मार खातं ते बघा. त्यात मुख्य पाइपच ४ मिमी आतल्या व्यासाचा असतो, सगळ्या कुंड्या एकाच माळेत. ३० ड्रिपर, प्रत्येकी २ लिटर, म्हणजे मिनिटाला १ लिटर पाणी या नळीतून जायला हवं. एवढा प्रवाह ४ मिमीतून ढकलायचा तर सुरुवातीच्या प्रत्येक मीटरला पाऊण मीटर उंचीइतका दाब नुसत्या घर्षणात जातो. टाकीचा सगळा दाब चौथ्या-पाचव्या मीटरपर्यंतच संपतो. पुढच्या कुंड्या कोरड्या राहतात आणि माणूस ड्रिपर तुंबला असं समजून सुई घालत बसतो. १६ मिमीच्या लॅटरलमधून, म्हणजे ठिबकच्या नेहमीच्या जाड काळ्या नळीतून, तेवढंच पाणी नेलं तर मीटरमागे जेमतेम २ मिलिमीटर जातात. एवढा एकच फरक बाकी सगळ्या गुणदोषांवर भारी पडतो.

दुसरी गोम त्या लाल, डोकं फिरवून कमी-जास्त करायच्या ड्रिपरची. दिसायला सोयीचा, पण पूर्ण उघडला तर तासाला ४० लिटरच्या वर पाणी सोडू शकतो. बारीकशी चकती अर्धा आटा फिरली की प्रवाह दुप्पट होतो. एक कुंडी जुळवली की शेजारच्या दोन बिघडतात. पहिल्या चार कुंड्यांनी पाणी ओढून घेतलं की शेवटची तुळस तशीच तहानलेली. गच्चीवर ठरावीक प्रवाहाचा ड्रिपरच हवा.

मग ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे ड्रिपर घ्यावेत का? दुकानदार ते महाग म्हणून चांगले असं सांगेल. चढ-उताराच्या बागेत ते खरोखर चांगले, पण आतल्या रबरी पडद्याला काम करायला साधारण अर्धा किलो तरी दाब लागतो. पाव किलोच्या टाकीवर तो पैसा वाया जातो. प्रेशर पंपवाल्यांनी मात्र जरूर घ्यावेत.

सुटा माल घेताना दुकानातली भाषा एकराची असते हे धरून चला. लॅटरल बंडलवर विकतात, त्यामुळे ‘३० मीटर तुकडा द्या’ म्हटल्यावर काही ठिकाणी कपाळाला आठ्या पडतात. काही दुकानांत उरलेले तुकडे वजनावर किंवा मीटरवर मिळतात. द्राक्षांच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या सुमाराला जाऊ नका, काउंटरवर उभं राहायला जागा मिळत नाही. मालाबद्दल दुकानदारांचं ज्ञान मात्र किटसोबतच्या माहितीपत्रकाच्या कितीतरी पुढे असतं. तुमच्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे, हेही बरेचदा तेच सांगतात.

जिन्यावरच्या टाकीसाठी आणि ४० कुंड्यांसाठी यादी अशी निघते: पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह १, पाऊण इंची जाळीचा फिल्टर १२० मेशचा १, पाऊण इंचीवरून १६ मिमीला जोडणारा नग १, १६ मिमी लॅटरल ३० ते ३५ मीटर, टी २ ते ३, एल्बो ६ ते ८, मायक्रोट्यूब (लॅटरलपासून कुंडीतल्या ड्रिपरपर्यंतची बारीक नळी) २५ मीटर, ४ लिटरचे ड्रिपर ५०, २ लिटरचे १०, शेवट बंद करायला एंड कॅप किंवा आठाची कडी, लॅटरलला भोक पाडायचा पंच १, चुकीचं भोक बुजवायची बुचं १०. लॅटरलवर आयएस १२७८६ आणि ड्रिपरच्या पिशवीवर आयएस १३४८७ हे भारतीय मानकांचे क्रमांक छापलेले बघून घ्या. बिनछापाची स्वस्त नळी गच्चीच्या उन्हात कडक होते आणि वाकवली की तडकते. पारदर्शक किंवा पांढरट मायक्रोट्यूब घेऊ नका, आत उजेड शिरून शेवाळ धरतं. ड्रिपरची नळी मायक्रोट्यूबमध्ये घट्ट बसते का हे दुकानातच घालून पाहा. डब्यातल्या किटचे जोड ४/७ मापाच्या (आतून ४, बाहेरून ७ मिमी) नळीचे असतात, ते इथल्या मायक्रोट्यूबला बहुधा बसत नाहीत. एक जोड तुटला की पुन्हा ऑनलाइन मागवा, हे दुखणं वेगळंच. सुट्या मालात ड्रिपर काही रुपयांना नगावर मिळतो आणि सायकलवर जाऊन आणता येतो.

फिल्टर हा बऱ्याच किटमध्ये नसतोच, किंवा नळाच्या जोडात बसवलेली नखाएवढी जाळी असते. टाकीच्या तळाला कृष्णेचा गाळ बसतोच, पावसाळ्यात तर जास्तच. फिल्टर व्हॉल्व्हच्या पुढे, हाताला येईल असा बसवा. दर आठवड्याला जाळी काढून धुवायची, पावसाळ्यात नळाचं पाणी गढूळ आलं तर दर दोन दिवसांनी.

बसवताना लॅटरल कुंड्यांच्या रांगेमागून फिरवून पुन्हा सुरुवातीच्या टीला जोडा, म्हणजे वळसा पूर्ण होतो आणि दोन्ही बाजूंनी पाणी येतं. शेवटचं टोक असं राहतच नाही. मात्र धुवायला एक टी घालून तिला एंड कॅप ठेवा. नळी जोडावर चढत नसेल तर टोक गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा. मेणबत्तीवर धरू नका, नळी एका बाजूने पातळ होते आणि तिथूनच पुढे फुटते. पहिल्यांदा कॅप उघडी ठेवून दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, पंचिंगचा प्लास्टिकचा चुरा बाहेर येतो. हे न केल्यास पहिल्याच दिवशी चार-पाच ड्रिपर बंद पडलेले दिसतील. ड्रिपर मातीत खुपसायचा नाही, मातीच्या वर बोटभर राहू द्या. पाणी बंद झाल्यावर नळीतलं पाणी खालच्या कुंड्यांकडे उतरतं, तेव्हा वरच्या कुंडीतला ड्रिपर हवा ओढतो आणि चिखलात असेल तर चिखलही.

कठड्यावरच्या आणि जमिनीवरच्या कुंड्या एकाच लॅटरलवर असतील तर फरक पडतो. जिन्यावरच्या टाकीवर २ फुटांच्या फरकाने वरच्या कुंडीला १०-१५ टक्के पाणी कमी मिळतं, ते चालून जातं. बुटक्या स्टँडवरच्या टाकीवर मात्र पाणी उतरत आलं की तेवढ्याच फरकाने कठडा जवळजवळ कोरडा राहतो. तिथे कठड्याची वेगळी लाइन आणि वेगळा व्हॉल्व्ह करा.

मोजायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक ड्रिपरखाली वाटी ठेवून ६ मिनिटं पाणी सोडा आणि औषधाच्या मापाने मोजा. २०० मिली भरलं म्हणजे तासाला २ लिटर. वाट्यांमध्ये मोठी तफावत दिसली तर त्या ड्रिपरची मायक्रोट्यूब कुठे मुडपली आहे का ते आधी बघा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

वेळ सगळ्या झाडांना एकच मिळणार, म्हणून तहानेतला फरक ड्रिपरच्या संख्येनं भरून काढायचा. एप्रिल-मेच्या उन्हात १२ इंची कुंडीतल्या टोमॅटोला रोज अडीच लिटरच्या आसपास लागतं, जास्वंदीला दीड-दोन, गुलाबाला सव्वा-दीड. सकाळी २० आणि संध्याकाळी २० मिनिटं चालवलं तर तासाला २ लिटर देणारा एक ड्रिपर दिवसाला सव्वा लिटरच्या थोडं वर देतो. गुलाब-मोगऱ्याला एक, टोमॅटो-वांग्याला समोरासमोर दोन, ८ इंची तुळशीला २ लिटरच्या छापाचा एक, जो इथे प्रत्यक्षात तासाला लिटरभरच सोडतो. एकदम ४० मिनिटं सोडू नका, अर्धं पाणी तळाच्या भोकातून फरशीवर येतं. अडेनियम, कोरफड, निवडुंग या लाइनवर घ्यायचेच नाहीत. कोथिंबीर, मेथीच्या ट्रेला सुटा ड्रिपर निरुपयोगी आहे, थेंबाभोवती हिरवं वर्तुळ आणि बाकी ट्रे रिकामा. तिथे झारीच बरी.

कुंडीतलं मिश्रणही बघावं लागतं. निव्वळ काळी माती भरली असेल तर ती सुकली की कडेने भेगा पडतात आणि ठिबकचं पाणी त्या भेगेतून थेट खाली जातं. वरून ओल दिसते, मुळं कोरडी. उलट कोकोपीट जास्त असलेल्या हलक्या मिश्रणात पाणी आडवं पसरत नाही, ड्रिपरखाली सरळ खांबासारखं उतरतं. १८ इंची कुंडीत म्हणूनच एका ड्रिपरवर भागत नाही, दोन किंवा तीन लागतात. वर पाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा दोन बोटं थर द्या, पाचट आपल्याकडे मागाल तेवढं मिळतं.

टायमर घेताना फसवणूक होते ती वेगळीच. सोलेनॉइडवाला (विजेच्या चुंबकाने झडप उघडणारा) टायमर उघडायला साधारण अर्धा किलो दाब मागतो. टाकीच्या पाण्यावर तो उघडतच नाही, किंवा उघडून नीट बंद होत नाही आणि रात्रभर टाकी रिकामी करतो. बॉल व्हॉल्व्हवाला टायमर शून्य दाबावरही चालतो. खोक्यावर किमान दाब ‘०’ लिहिलेला असेल तरच घ्या. सेल उतरले की हा टायमर बहुधा ज्या स्थितीत असेल तिथेच थांबतो, म्हणून गावाला जाण्यापूर्वी नवे सेल घालायचे.

सुट्टीसाठी बादलीत बुडवायचा छोटा पंप असलेलं किटही मिळतं. चार-पाच दिवस आठ-दहा कुंड्या सांभाळायला ते वाईट नाही. अट एकच: बादलीतलं पाणी ड्रिपरच्या पातळीपेक्षा खाली असलं पाहिजे. बादली स्टुलावर आणि कुंड्या जमिनीवर ठेवल्या तर पंप थांबल्यावरही पाणी आपोआप वाहत राहतं आणि पहिल्याच सकाळी बादली कोरडी होते.

बोअरच्या जड पाण्यावर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा खडा जमतो. द्राक्षवाले लाइनमध्ये ॲसिड सोडतात, कुंड्यांमध्ये तो उद्योग नको. ड्रिपर काढून लिटरभर कोमट पाण्यात २५-३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रात्रभर भिजवा आणि सकाळी धुवा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. क्षार कुंडीतही साठतात: ओलीच्या कडेला पांढरी रेघ आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की ठिबकवर विसंबू नका, १२ इंची कुंडीत २०-२५ लिटर पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू द्या. उन्हाळ्यात हे महिन्यातून एकदा करावंच लागतं.

जीवामृत, शेणस्लरी, गांडूळपाणी यातलं काहीही या लाइनमधून सोडायचं नाही, कितीही गाळलं तरी. पूर्ण विरघळणारं १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम चालतं, मात्र त्यानंतर पाच मिनिटं साधं पाणी सोडून लाइन धुवायची. कॅल्शियम नायट्रेट त्याच्यात मिसळलं तर लाइनमध्येच साका बसतो, ते वेगळ्या दिवशी द्या.

खारी आणि उंदीर उन्हाळ्यात पाण्यासाठी नळी कुरतडतात. एका कोपऱ्यात उथळ परळात पाणी ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो. पाऊस लागला की टायमर बंद करून सेल काढायचे, एंड कॅप उघडून लाइन रिकामी करायची आणि फिल्टरची जाळी घरात ठेवायची. सप्टेंबरात उघडीप मिळाली की वाट्या लावून पुन्हा एकदा मोजून घ्यायचं.