कूपर्सचा घरगुती बिअर किट : पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत

अ‍ॅडलेडमध्ये बिअरचा खोका घ्यायचा तर पन्नासाच्या वर ऑस्ट्रेलियन डॉलर जातात. खोक्यात ३७५ मिलिलिटरच्या २४ बाटल्या, म्हणजे ९ लिटर. त्यातला बराच पैसा सरकारी कराचा. स्वतःसाठी घरी केलेल्या बिअरवर मात्र तो कर नाही आणि परवानाही लागत नाही, फक्त ती विकायची नाही. घराचा हप्ता, मुलीची शाळा आणि शनिवारची बिअर हे सगळं एकाच पगारात बसवायचं असेल, तर कूपर्सचा किट घ्याच असं मी इथल्या मराठी मंडळींना सांगत आले आहे. ते का, आणि कशासाठी, हे जरा नीट लिहिते.

कूपर्स ही इथलीच कंपनी. टॉमस कूपरने १८६२ साली सुरू केलेली आणि आजही त्या कुटुंबाच्याच हातात असलेली. त्यांच्या पेल एल या फिकट बिअरच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो आणि ओतण्याआधी बाटली टेबलावर आडवी लोळवून तो ढवळून घेण्याची इथे रीतच आहे. घरच्या बाटलीतही असाच गाळ राहतो, त्यामुळे इथे तो पाहून कुणी नाक मुरडत नाही.

किटमध्ये तोटी असलेलं मोठं प्लास्टिकचं पिंप, हायड्रोमीटर (बिअरची घनता, म्हणजे त्यात किती साखर उरली ते मोजायचं साधन), पिंपावर चिकटवायची तापमानाची पट्टी, मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या सातूच्या) अर्काचा १.७ किलोचा डबा, त्याच्या झाकणाखाली यीस्टची पुडी, किलोभर ब्रू एन्हान्सर (पिंपात घालायच्या साखरेचं पाकीट), साखरेच्या गोळ्या आणि ७४० मिलिलिटरच्या ३० तपकिरी पेट (प्लास्टिकच्या) बाटल्या येतात. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा डब्यातल्या अर्कातच असतो, त्यामुळे तासभर उकळत बसायचं काम नाही. दोनेक लिटर गरम पाण्यात डबा आणि पाकीट विरघळवायचं, गार पाणी घालून २३ लिटर करायचं, यीस्ट भुरभुरायचं, झाकण ठेवायचं. अर्ध्या तासाचा खेळ.

माझ्या मते किटचे खरे पैसे वसूल होतात ते बाटल्यांत. काचेच्या बाटल्या फुकट मिळतात हे खरं, पण त्यांना बूच ठोकायचं यंत्र वेगळं घ्यावं लागतं. मी एका दुकानातून सगळ्यात स्वस्त दोन दांड्यांचं घेतलं होतं, त्याने बाटल्यांच्या माना टवकत होत्या. काच पोटात जायची भीती असेल तिथे काटकसर कसली? पेट बाटलीला साधं फिरकीचं झाकण. शिवाय आत गॅस धरलाय की नाही हे बाटली दाबून कळतं. कडक लागली की झालं. वर्षभर साठवायला ती चांगली नाही, कारण प्लास्टिकमधून हळूहळू हवा शिरते. आमच्याकडे तेवढी उरतच नाही.

दुसरी आवडती वस्तू म्हणजे बाटल्या भरायची नळी. तोटीला लावायची ही वीतभर नळी, तिच्या टोकाला स्प्रिंगची झडप. बाटलीचा तळ वर दाबला की झडप उघडते आणि बिअर तळापासून शांतपणे चढते, खळखळ नाही की फेस नाही. अगदी काठापर्यंत भरू द्यायची. मग बाटली खाली घेतली की झडप बंद होते आणि नळीने व्यापलेली जागा मोकळी होते, तेवढीच पोकळी वर हवी असते. तिसांच्या तीस बाटल्या एका उंचीला भरलेल्या बघताना मला फार समाधान वाटतं.

बाटलीत टाकायच्या साखरेच्या गोळ्या (मोठ्या बाटलीला दोन) सोयीच्या आहेत, पण एकदा संपल्या की पुन्हा घेऊ नका. घरातली साखर चालते, लिटरला ८ ग्रॅम, म्हणजे बाटलीला जेमतेम ६. मोजमाप मात्र चोख ठेवा. पिंपातला किलोभराचा गोडवा ही वेगळी गोष्ट. तिथे नुसती पांढरी साखर घातली तर बिअर पातळ, पाणचट होते. तिथे मॉल्ट असलेलं पाकीटच घ्या, चार डॉलरसाठी चव घालवू नका.

मी नर्स आहे, म्हणून स्वच्छतेबद्दल जरा कडक बोलते. पिंप, तोटी, चमचा, बाटल्या, सगळं आधी बिनवासाच्या सोडियम परकार्बोनेटने धुवायचं आणि मग निर्जंतुक करायचं. तोटी सुटी करून आतून धुवा, चिकटा तिथेच साचतो. जुनं पिंप घेणार असाल तर आत हात फिरवून बघा. ओरखडे असतील तर सोडून द्या.

खरी परीक्षा तापमानाची. यीस्ट २० अंशांच्या आसपास खूश असतं आणि इथला उन्हाळा चाळिशी गाठतो. माझं पिंप लॉन्ड्रीत, पाण्याच्या टबात, भोवती ओला टॉवेल. माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसंच. फार तापलं तर टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडते. जानेवारीत मात्र मी लावतच नाही.

बाटल्या कधी भरायच्या ते बुडबुड्यांवरून ठरवू नका. या पिंपाला बुडबुड्यांची नळी नसतेच, झाकणाच्या कडेने गॅस निघून जातो. हायड्रोमीटर बुडवा, चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून चिमटीत गर्रकन फिरवा, मग वाचा. सुरुवातीला १०३८ च्या आसपास असलेला आकडा १०१० वर आला आणि दोन दिवस तिथेच राहिला की भरा. मद्यार्क पावणेचार टक्क्यांच्या आसपास, बाटलीत अजून थोडा वाढतो. घाई केली तर बाटल्या फुगतात.

भरल्यावर किमान दोन आठवडे उबदार जागी ठेवा. महिन्याने चव जास्त गोल होते, माझा आग्रह महिन्याचाच. किटबरोबरचा लागर साधा, स्वच्छ, रस्सा-भाकरीबरोबर उत्तम. मजा हवी असेल तर पुढच्या खेपेला पेल एलचा डबा घ्या आणि फेस बसल्यावर २५ ग्रॅम गॅलक्सी हॉप्स पिंपात टाका. पॅशनफ्रूटसारखा वास येतो आणि पाहुणे विकतची समजतात.

सांगलीची मावसबहीण विचारते, येताना एक किट आणशील का? नाही आणणार. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. तिला म्हटलं, तूच इकडे ये, लॉन्ड्रीत पिंप लावलेलं असेल. फक्त जानेवारीत येऊ नकोस.