वाढत्या डुकरांचे तयार खाद्य: वाळपईच्या बाजारातील एक चांगली खरेदी

गोव्यातील वाळपईला मिळालेले हे खाद्य मला मनापासून आवडले, कारण पिशवीवर १८ टक्के कच्ची (म्हणजे एकूण) प्रथिने एवढेच न छापता लायसिनचे प्रमाणही दिले आहे. खाद्यातल्या मक्यात नेमके हेच अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) तोकडे असते आणि ते कमी पडले की उरलेली प्रथिने मांसात न बदलता यकृतात विघटित होऊन युरियाच्या रूपाने मूत्रावाटे वाया जातात. ऊर्जा अपुरी पडली तरी प्रथिनेच जळतात. ऊर्जा अति झाली तर पाठीवर चरबी साचते. हा तोल येथे नीट सांभाळला आहे. पिशवीला आतून प्लास्टिकचे अस्तर मात्र हवे होते, कारण गोव्याच्या पावसाळ्यात मक्याला बुरशी फार लवकर येते. विक्रीच्या वजनाला आलेल्या डुकरांना हे देऊ नये. त्यांना कमी प्रथिनांचे खाद्य पुरते.