साइटवरच्या हेल्मेटला ‘एसी’ बसवून देतो म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

तुमची बांधकामाची साइट असेल, कारखाना असेल किंवा तुमची मुलं दुपारच्या उन्हात डिलिव्हरीला फिरत असतील, आणि हेल्मेटला लावायचा ‘मिनी एसी’ घेऊन कोणी दारात आला, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

चंद्रपुरात आमची छतावर सोलर पॅनल बसवण्याची कामं चालतात. खरेदी आणि हिशोब माझ्याकडे असतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. खाली तापलेला स्लॅब, समोर तापलेलं पॅनल आणि डोक्यावर प्लास्टिकचं हेल्मेट. कामावरची मुलं कंटाळून हेल्मेट काढून ठेवतात, आणि तिसऱ्या मजल्याच्या कडेला उघड्या डोक्याचा माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. डोकं गार ठेवणारं हेल्मेट आम्हाला खरोखर हवं होतं. विकणाऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं.

माणूस बोलायला गोड, शर्ट इन केलेला, मोबाइलवर बातम्यांचे व्हिडिओ तयार. २०२३ मध्ये अहमदाबादच्या वाहतूक पोलिसांनी एसी हेल्मेटची चाचणी घेतली होती, ती बातमी खरी आहे. तो तीच दाखवत होता, आणि बोलायची ढब अशी की तो माल जणू त्याच्याच कारखान्यातला. मग बॅगेतून नमुना काढला, बटण दाबलं आणि म्हणाला, “ताई, हात लावून बघा.” प्लेट खरंच बर्फासारखी गार लागली. आमच्या मिस्त्रींनी हात लावला, एका हेल्परने गालाला लावून पाहिली. मिनिटभरात त्याने बटण बंद केलं, चार्जिंग वाचवायचं म्हणाला. नगाला २,८०० रुपये, निम्मे ॲडव्हान्स, बाकीचे पार्सल हातात देताना.

या एका मिनिटात सगळी मेख आहे, म्हणून ती नीट सांगते. त्या नमुन्यात पेल्टिये प्लेट होती. १८३४ मध्ये फ्रान्सचे शास्त्रज्ञ पेल्टिये यांना आढळलं की दोन वेगळ्या धातू जोडून त्यांतून वीज सोडली की एक जोड गार आणि दुसरा गरम होतो. आज बाजारात मिळणारी चार सेंटीमीटर चौरस पांढरी टाइल त्याच तत्त्वावर चालते. गाडीतल्या छोट्या फ्रिजमध्ये तीच असते. पण ती गारवा तयार करत नाही, एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला ढकलते. शिवाय तिने खाल्लेली वीजही उष्णता होऊन त्याच गरम बाजूने बाहेर पडते. मागचा, उष्णता बाहेर टाकायला लावलेला दात्यांचा ॲल्युमिनियमचा कंगवा गार असेपर्यंत, म्हणजे पहिलं मिनिट-दोन मिनिटं, पुढची बाजू झकास गार लागते. कंगवा तापला, पंख्याला ती उष्णता बाहेर फेकता आली नाही, की पुढची बाजूही गरम व्हायला लागते. आमच्या ऑफिसात कूलर चालू होता, नमुना नुकताच बॅगेतून निघालेला. तिथे तो गार लागणारच होता. छतावर ४५ अंशात अर्धा तास चालवून दाखव म्हटलं असतं, तर कोणत्याही बोलण्याने झाकता आलं नसतं.

आणि जो माल आला त्यात तेवढंही नव्हतं. कुरिअरवाला उरलेले पैसे घेतल्याशिवाय खोका उघडू देईना. उघडल्यावर डबी तीच, रंग तोच, निळा दिवाही लागला, पण गारव्याचा पत्ता नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनने चार स्क्रू काढले. आत बोटाच्या दोन पेरांएवढा पंखा, एक लिथियम सेल, आणि पांढरी टाइल गोंदाने चिकटवलेली. टाइलच्या लाल-काळ्या दोन्ही वायरी अर्ध्यातच कापून टेपखाली दाबलेल्या. कुठेही जोडलेल्या नाहीत. पुढचे सगळे नग उघडून बघितले, सगळ्यांत तेच.

खोक्यावर छापलं होतं: बॅटरी २००० एमएएच, बॅकअप ८ तास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण नुसत्या गुणाकाराने तो खोटा पडतो. २००० एमएएच म्हणजे २ अँपिअर-तास, आणि असा सेल ३.७ व्होल्टचा; गुणाकार केला की त्यात वीज मावते साधारण ७.४ वॅट-तास. ती आठ तास पुरवायची तर सतत एक वॅटसुद्धा वापरता येत नाही. एवढ्यात छोटा पंखा फिरतो, बस. बाजारात सर्रास मिळणारी पेल्टिये टाइल १२ व्होल्टवर पूर्ण जोराने चालवली तर पन्नासेक वॅट खाते. तो सेल तिला दहा मिनिटंही पुरणार नाही. अहमदाबादच्या हेल्मेटांची बॅटरी पोलिसांच्या कमरेला बांधलेली होती, ती उगाच नव्हे. कोणी डबीतल्या सेलवर दिवसभर एसी चालेल म्हणत असेल तर तो खोटं बोलतो आहे, मग त्याच्याकडे कुठलंही सर्टिफिकेट असो.

सर्टिफिकेटचंही सांगते. त्याने आयएसआय मार्क आणि लायसन नंबर असलेला कागद दिला होता. तक्रारीसाठी कागद जमवताना आयएसआय मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो नंबर टाकला, तर दुसऱ्याच कंपनीचं, दुसऱ्याच वस्तूचं लायसन निघालं. बिलावरचा जीएसटी नंबर ०७ ने सुरू होत होता. पहिले दोन अंक राज्याचे असतात, ०७ म्हणजे दिल्ली, महाराष्ट्राचे २७. माणूस मात्र कारखाना पुण्याजवळ असल्याचं सांगत होता. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नंबर शोधायला लॉगिन लागत नाही. तिथे त्या नंबरापुढे भलत्याच दुकानाचं नाव आणि नोंदणी रद्द झाल्याचा शेरा होता. ॲडव्हान्स ज्या यूपीआयवर गेला ते खातं तिसऱ्याच माणसाचं.

पैशांचं दुःख आहे, पण मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. माल आला त्या सकाळी, खोलून बघण्याआधी, आमच्या एका हेल्परने डबी लावून काम सुरू केलं होतं. एसी आहे या भरवशावर तो पाणी प्यायलाही खाली उतरला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “ताई, हे तर गरमच हवा फेकून राहिलं,” आणि तिथेच त्याला घेरी आली. सावलीत आणून कपडे सैल केले, मानेवर आणि काखेत ओली फडकी ठेवली, तेव्हा तो सावरला. उष्माघातात वेळ फार थोडा मिळतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. डबी बसवायला हेल्मेटच्या माथ्यावर दोन भोकं पाडा, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. साइटच्या हेल्मेटाचं मानक आयएस २९२५. त्यात कवच आणि डोकं यांच्यामध्ये पट्ट्यांचं जाळं असतं, आणि मधली पोकळी मुद्दाम ठेवलेली असते. वरून पाना पडला तर ते जाळं ताणलं जातं आणि मार कवटीपर्यंत थेट पोचत नाही. त्या पोकळीत धातूची प्लेट घुसवली की मार सरळ प्लेटवरून कवटीवर. भोक पाडलं की कवच तिथूनच तडकायला मोकळं. वर विजेच्या कामात डोक्यावर ॲल्युमिनियम आणि उघड्या वायरी! दुचाकीच्या हेल्मेटचंही तसंच आहे. त्यातला थर्माकोलसारखा थर डोकं वाचवतो; तो कोरून पंखा बसवून देणारे बंद व्हायलाच हवेत.

खरी गार करणारी साधनं नाहीत असं मी म्हणत नाही. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात पाण्याचं तंत्र उत्तम चालतं. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता ओढून घेतं. मानेवरच्या ओल्या दुपट्ट्यातलं १०० मिलिलिटर पाणी तासाभरात सुकलं तर ते ६५ वॅटच्या आसपास काम झालं. त्यातला बराच वाटा हवेतून येतो हे धरलं तरी त्या डबीतल्या एका वॅटशी तुलनाच नको. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र हे तितकं लागू पडत नाही, तिथे पाणी लवकर सुकत नाही. नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही, ते याचमुळे. ठरावीक तापमानाला वितळणारे जेलचे पॅकही असतात, त्यांना बॅटरी लागत नाही, वितळले की पुन्हा गार करून घ्यावे लागतात.

आम्ही आता पांढरी हेल्मेटं घेतली, मागे मान झाकणारं कापड लावलं जे भिजवता येतं, आणि पोकळीत काहीही कोंबायचं नाही असं सगळ्यांना समजावलं. छतावरचं काम पहाटे सुरू होतं, दुपारी १२ ते ४ बंद.

तक्रारीचं म्हणाल तर ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी समोरचं खातं गोठण्याची शक्यता जास्त. स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेतली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू करून घेणं अवघड जातं, म्हणून आम्ही पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१८ आहे. तपास चालू आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. खोलून ठेवलेल्या डब्या, कुरिअरचं लेबल, यूपीआयची पावती आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज आम्ही जपून ठेवलेत. असाच नमुना, असाच गालाला लावून बघायचा आग्रह तुमच्याकडे झाला असेल, तर तुम्हीही आपल्या ठाण्यात तक्रार नोंदवा. एकाच माणसाविरुद्ध चार ठिकाणचे कागद जमले की पोलिसांनाही हातपाय हलवावे लागतात.