जुना पीएस३ घ्यावा की एक्सबॉक्स ३६०? बिघाडाच्या बाजूने पाहिलं तर

दोन्ही कन्सोल आता इतके जुने झालेत की कोणाचे ग्राफिक्स सरस हा वाद घालण्यात काही अर्थ उरलेला नाही. एखादा गेम एकाच कन्सोलवर आला असेल आणि तुम्हाला तोच खेळायचा असेल, तर तुमचा निर्णय झालेलाच आहे. बाकीच्यांसाठी हे लिहितोय: वापरलेला कन्सोल घ्यायचाय, तो काही वर्षं चालावा अशी अपेक्षा आहे आणि बिघडलाच तर उघडून बघायची तयारी आहे.

पहिली चाळणी सोपी आहे. दोन्हींची सुरुवातीची जाडी मॉडेलं सोडून द्या. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या ३६० चे तीन लाल दिवे, म्हणजे कन्सोल निकामी झाल्याची खूण, सगळ्यांना ठाऊक आहेत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यापायी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पुढे २००९ मध्ये ई७४ हा एररही त्याच वॉरंटीत घ्यावा लागला. पीएस३ चा पिवळा दिवा तेवढा बदनाम झाला नाही, पण आजार बराचसा त्याच जातीचा. ग्राफिक्स चिपचा सिलिकॉनचा तुकडा खालच्या पट्टीवर सोल्डरच्या अतिसूक्ष्म ठिपक्यांनी बसवलेला असतो. कन्सोल चालू झाला की तापतो, बंद केला की गार होतो; सिलिकॉन आणि खालची पट्टी सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, आणि मधले ठिपके थकून तडकतात. ही तड चिपच्या आत असते. म्हणूनच हॉट एअरने सोल्डर तापवून केलेला रिफ्लो काही आठवडे चालतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. चिपखालचे मोठे गोळे बदलून केलेलं रिबॉलिंगही आतल्या तडेपर्यंत पोचत नाही. विक्रेता ‘रिबॉल केलाय, एकदम ओके’ असं सांगत असेल तर ते आजारपणाचं प्रमाणपत्र समजा.

जाड्या पीएस३ मध्ये आणखी एक संशयित असतो. सेल प्रोसेसर आणि आरएसएक्स या ग्राफिक्स चिपच्या जवळ एनईसी टोकिन कंपनीचे चपटे कपॅसिटर असतात. त्यांची क्षमता घटली की पिवळा दिवा हुबेहूब तसाच लागतो, आणि त्यांच्या जागी टँटलम कपॅसिटर लावल्यावर काही कन्सोल खरोखर सुधारतात. अडचण अशी की दोष कपॅसिटरचा की चिपचा हे बाहेरून कळत नाही. बोर्डवर तारा सोल्डर करून सिस्कॉन या देखरेखीच्या चिपमधली एररची नोंद वाचावी लागते. ३६० याबाबतीत बराच मोकळेपणाने बोलतो. तीन लाल दिवे लुकलुकत असताना पुढचं सिंक बटण दाबून धरायचं आणि ते न सोडता इजेक्ट चारदा दाबायचं. दर वेळी एक अंक मिळतो: चारही दिवे म्हणजे ०, एक म्हणजे १, दोन म्हणजे २, तीन म्हणजे ३. ०१०२ आला तर हात जोडा, ग्राफिक्स चिपच्या भानगडीत तोच सर्वाधिक दिसतो.

पीएस२ चे गेम चालवणारे पीएस३ नेमके सुरुवातीचेच, म्हणजे ९० नॅनोमीटरच्या आरएसएक्सचे (हा आकडा मोठा तितकी चिप जुन्या घडणीची आणि जास्त तापणारी). ज्याचा मोह पडतो तेच मॉडेल सर्वांत नाजूक.

जाडाच ३६० हवा असेल तर निदान जॅस्पर नावाच्या नंतरच्या मदरबोर्डचा बघा. मागच्या लेबलवर १२ व्होल्टला १२.१ अँपिअर लिहिलेलं असतं. १४.२ अँपिअर असेल तर फाल्कन, १६.५ असेल तर त्याहून जुना. अडॉप्टरवरचा आकडा मात्र पुरावा धरू नका; जास्त ताकदीचा जुना अडॉप्टर नव्या बोर्डला बसतो, त्यामुळे अदलाबदल झालेली असू शकते.

खरी तुलना होते ती २०१० चा ३६० एस (किंवा २०१३ चा ई) आणि २००९ पासूनचा पीएस३ स्लिम यांच्यात. स्लिममध्ये सीईसीएच-२१०० या मॉडेलपासून आरएसएक्स ४० नॅनोमीटरवर आला, तेव्हा मागच्या लेबलवर निदान तो आकडा तरी हवा. २५०० किंवा ३००० असेल तर उत्तमच. ३६० एसमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच पॅकेजवर आणले गेले आणि उष्णता निम्म्यावर आली नसली तरी स्पष्ट कमी झाली: जुन्या ३६० चा अडॉप्टर २०३ वॉटचा, एसचा १३५ चा. इथून पुढे चिपच्या मरणाची भीती दोन्हीकडे बरीच ओसरते आणि लढत बरोबरीची होते.

थंडाव्याच्या कामात ३६० एस मला उजवा वाटतो, कारण त्याची उष्णता वाहणारी पेस्ट बदलणं सोपं आहे. हीटसिंक काढा, जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नव्या पेस्टचा पातळ थर द्या, परत बसवा. मागे इंग्रजी एक्सच्या आकाराची स्प्रिंगची पट्टी असते, ती स्क्रूड्रायव्हरने सोडवताना हात निसटला तर बोर्डवर ओरखडा जातो. तेवढा एक क्षण जपायचा. त्याच्या बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मात्र चिवट आहेत, एखादी तुटणारच हे धरून चाला. पीएस३ मध्ये सेल आणि आरएसएक्स दोन्हींवर धातूचं झाकण असतं. झाकणावरची पेस्ट बदलणं सोपं, पण वाळलेली असते ती झाकणाखालची, आणि तिथे पोचायला कडेचा सिलिकॉनचा डिंक पातळ पात्याने कापावा लागतो. आरएसएक्सच्या झाकणाखाली मेमरीच्या चिपाही असतात. पातं जरा खोल गेलं की कन्सोल संपला. बाहेरची पेस्ट बदलूनही पंधरा मिनिटांत फॅन पुन्हा घोंगावू लागला, तर रोग आत आहे असं समजायचं. हे काम ज्याने आधी केलेलं नाही त्याने ते पहिल्यांदा आपल्या चांगल्या कन्सोलवर करू नये.

डिस्कच्या ड्राइव्हमध्ये पारडं पीएस३ कडे झुकतं, थोडंसंच. ३६० चा ट्रे अडकतो, कारण आतला रबरी बेल्ट सैल पडतो. ड्राइव्ह उघडून चिमट्याने बेल्ट काढायचा, पुली अल्कोहोलने पुसायची, नवा बेल्ट चढवायचा, इतकंच. पण ३६० चालू असताना आडव्याचा उभा केला की डिस्कवर गोल चरा उमटतो आणि ती डिस्क सहसा वाया जाते. पीएस३ चा लेझर हळूहळू थकतो. ब्लू-रे आणि डीव्हीडीसाठी वेगवेगळे किरण असल्यामुळे एक प्रकार वाचणं आधी बंद होतं. म्हणून ‘सिनेमा चालतोय की’ हा पुरावा मानू नका, गेमची, म्हणजे ब्लू-रे डिस्क घालून बघा. दोन्ही कन्सोलांत ड्राइव्हचा सर्किट बोर्ड मदरबोर्डशी जोडी बांधून येतो. दुसऱ्या कन्सोलचा अख्खा ड्राइव्ह उचलून लावला तर गेम वाचणार नाही. ३६० मध्ये त्याच मॉडेलचा ड्राइव्ह घेऊन जुना बोर्ड त्यात हलवायचा; पीएस३ मध्ये बोर्ड तसाच ठेवून लेझरचा सांगाडा तेवढा बदलायचा. पीएस३ मध्ये एक जास्तीची मेख आहे: ड्राइव्हचा बोर्ड गेला की फर्मवेअर (कन्सोलचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटही अनेकदा अडतो, आणि नवी हार्ड डिस्क घालायची तर फर्मवेअर पुन्हा टाकावंच लागतं. एका दुखण्याने दुसऱ्याचं औषध बंद. २०१२ च्या सुपर स्लिममध्ये डिस्क आत ओढणारी यंत्रणाच काढून हाताने सरकवायचं झाकण दिलं. दिसायला स्वस्त वाटतं, पण मोडण्यासारखे भाग तेवढेच कमी.

कंट्रोलरवर फार लिहीत नाही. पीएस३ च्या कंट्रोलरमध्ये बटणं आपोआप दाबली जाऊ लागली तर पाच स्क्रू काढून आतला फोमचा तुकडा बघा. तो चेपला की पट्टीचा बोर्डशी संपर्क सुटतो. घडी केलेली पातळ पट्टी खाली सरकवली तरी काम होतं. त्याची बॅटरी साध्या प्लगने जोडलेली असते. ३६० चा वायरलेस कंट्रोलर दोन एए सेलवर चालतो, म्हणजे बॅटरी म्हातारी होण्याचा प्रश्नच नाही.

आता माझ्यापुरता निर्णय जिने केला ती कटकट.

पीएस३ मध्ये कुठलीही साधी २.५ इंची साटा डिस्क चालते, जाडी साडेनऊ मिलिमीटरपर्यंत. एक निळा स्क्रू काढला की डिस्क हातात. याचं कौतुक सगळे करतात आणि ते रास्त आहे. पण त्या डिस्कवरचा मजकूर त्याच कन्सोलच्या किल्लीने कुलूपबंद असतो. बोर्ड मेला आणि डिस्क ठणठणीत असली तरी दुसऱ्या पीएस३ मध्ये घातल्यावर तो एकच गोष्ट म्हणतो: फॉरमॅट करा. वर्षानुवर्षांच्या सेव्ह, म्हणजे गेममधल्या प्रगतीच्या फाइली, डिस्कवर शाबूत असतात आणि कोणालाही वाचता येत नाहीत.

‘मग आधीच कॉपी करून ठेवायच्या’ असं कोणी म्हणेल. सेव्हवर जाऊन त्रिकोण दाबला की पेन ड्राइव्हवर कॉपी होते, खरं आहे. पण काही गेमांच्या सेव्हना कॉपीची बंदी असते. तिथे कॉपीचा पर्याय चालतच नाही. सेटिंग्जमधून पूर्ण बॅकअप फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर घेता येतो, पण बंदी असलेल्या सेव्ह त्यातून परत येतात त्या त्याच कन्सोलवर. इथरनेटची केबल लावून एका पीएस३ वरून दुसऱ्यावर सगळं हलवता येतं, त्यासाठी दोन्ही पीएस३ जिवंत हवेत. क्लाउडसाठी प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागायची. थोडक्यात, प्रत्येक वाट कन्सोल चालू असतानाची आहे, आणि पिवळा दिवा तारीख कळवून येत नाही.

३६० एसमध्ये खालची झडप उघडायची, कापडी पट्टी धरून डिस्क ओढायची आणि दुसऱ्या ३६० एसमध्ये सरकवायची. प्रोफाइल, सेव्ह, इन्स्टॉल केलेले गेम, सगळं जागच्या जागी दिसतं, तेही इंटरनेटशिवाय. जाड्या ३६० ची डिस्क वेगळ्या डब्यात असते, पण आत तीच २.५ इंची डिस्क आहे. प्रोफाइल आणि सेव्ह पेन ड्राइव्हवरही ठेवता येतात; काही सेव्ह कॉपी होत नाहीत, पण निदान हलवता येतात. विकत घेऊन डाउनलोड केलेल्या गेमांचा परवाना मात्र मूळ कन्सोलला आणि खात्याला बांधलेला असतो, तिथे ऑनलाइन लॉगिन लागतं.

कन्सोल कधीतरी मरणारच असं धरून चाललं, तर मेल्यावर काय मागे उरतं हा प्रश्न मला ब्लू-रेपेक्षा मोठा वाटतो. तुमचं तसं नसेल, म्हणजे गेम संपवून विसरणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर पीएस३ स्लिमला नावं ठेवायला फारशी जागा नाही.

३६० च्या पदरातही दोष आहेत. त्याला कुठलीही डिस्क चालत नाही, कंपनीचीच किंवा तशी तयार केलेली लागते. पहिल्या एक्सबॉक्सचे गेम चालवायचे तर पेन ड्राइव्ह पुरत नाही, अस्सल हार्ड डिस्कच हवी. ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. आधी घेतलेलं उतरवता येतं, नवं घेता येत नाही. पीएस३ चं दुकान अजून उघडं असलं तरी ऑक्टोबर २०२१ पासून तिथे थेट कार्ड चालत नाही, आधी वॉलेटमध्ये पैसे भरावे लागतात. शिवाय ३६० चा अडॉप्टर बाहेर लोंबतो. तो स्वतंत्रपणे बिघडतो ही कटकट, आणि कन्सोल न उघडता बदलता येतो ही सोय.

३६० घेताना ट्रे सलग सात-आठ वेळा आत-बाहेर करून बघा. अडॉप्टरचा दिवा कन्सोल बंद असताना नारिंगी आणि चालू असताना हिरवा हवा. लाल असेल तर दोष बहुधा अडॉप्टरचा. ई६८ हा एरर दिसला तर हार्ड डिस्क काढून चालू करा, बऱ्याचदा तिथेच उत्तर सापडतं. घरी आणल्यावर गेम डिस्कवर इन्स्टॉल करून खेळा. डिस्क ट्रेमध्ये लागतेच, पण ती फक्त ओळख पटवण्यापुरती फिरते आणि ड्राइव्हची झीज वाचते.

पीएस३ घेताना अर्धा तास एखादा जड गेम चालवून फॅनचा आवाज ऐका. मग बंद करून सेफ मोडमध्ये जा: पॉवरचं बटण कन्सोल चालू होऊन पुन्हा बंद पडेपर्यंत दाबून धरा आणि सोडा; मग परत दाबून धरा, दोन स्वतंत्र बीपनंतर दोन झटपट बीप वाजले की सोडा. तिथून तिसरा पर्याय फाइल सिस्टिम दुरुस्तीचा आणि चौथा डेटाबेस नव्याने बांधण्याचा. दोन्ही विनाअडथळा पूर्ण झाले तर हार्ड डिस्कबद्दल फार चिंता नको. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर आतला सीआर२०३२ सेल संपलाय, तो बदला. पहिल्याच दिवशी फॅट३२ पेन ड्राइव्ह लावा आणि कॉपी होणाऱ्या सेव्ह दर महिन्याला त्यावर उतरवत जा.