नौपाड्यातला टीईएफएल कोर्स: शिकवणी घ्या, नोकरीचं पॅकेज नको

ठाण्यात गोखले रोडला लागून असलेल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर हा टीईएफएलचा, म्हणजे इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कशी शिकवायची याचा, क्लास चालतो. 'परदेशात इंग्रजी शिकवा' असा बोर्ड आहे. नुसता कोर्स ३८ हजार, 'नोकरीसह' ९५ हजार. म्हणजे नोकरीचे ५७ हजार झाले, हा आकडा लक्षात ठेवा.

कोर्सला ५ पैकी साडेतीन. दहा आठवडे, शनिवार-रविवार चार-चार तास, असे ८० तास वर्गात आणि ४० तासांचा गृहपाठ. सर्टिफिकेटवर १२० तास येतात ते असे, आणि बहुतेक ठिकाणी किमान अट १२० तासांचीच असते. शिकवणाऱ्या बाई पक्क्या आहेत. 'समजलं का?' हा प्रश्न त्यांच्या वर्गात बंद. 'आय यूज्ड टू स्मोक' शिकवायचं तर विद्यार्थ्याला विचारायचं: आधी ओढत होतो का? हो. आता ओढतो का? नाही. दोन उत्तरं बरोबर आली की अर्थ पोचला. असे प्रश्न आधीच लेसन प्लॅनमध्ये लिहून आणावे लागतात, ऐनवेळी सुचत नाहीत.

उच्चारांवर घेतलेली मेहनतही कामाची आहे. 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' आपण मराठीत वेगळे लिहितो, बोलताना मात्र एकच करतो. पहिल्यात ओठ गोल, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'सारख्या आपल्या चुकासुद्धा इथे घासून काढतात. शाळा अर्जासोबत दोन-तीन मिनिटांचा डेमो व्हिडिओ मागतात आणि पुष्कळ अर्ज तिथेच गळतात, त्यामुळे हे हवंच.

दीड तारा गेला तो सरावात. इथे वर्गातले लोक एकमेकांनाच शिकवतात. ज्याला उत्तर आधीच येतं त्याला शिकवण्यात कसली तालीम? केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या कोर्सलाही १२० तासच असतात, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तास शिकवावं लागतं आणि परीक्षक मागे बसून टिपणं घेतो. आता तो ऑनलाइनही होतो. खर्च लाखाच्या वर जातो, पण नोकरीच्या पॅकेजवर ९५ हजार घालवायची तयारी असेल तर आधी सेल्टाचा विचार करा. इथल्या सर्टिफिकेटवरच्या 'आंतरराष्ट्रीय मान्यता' या सोनेरी शिक्क्याला भुलू नका. सगळ्या टीईएफएल कोर्सेसना मान्यता देणारी एकच जागतिक संस्था अस्तित्वात नाही.

प्लेसमेंटला एक तारा, तोही काउन्सेलर चहा पाजतो म्हणून.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. तो नोंदणी नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांची मर्यादा आहे, आणि इथे नोकरीचे ५७ हजार घेतात. इथे नंबर विचारला की 'आम्ही फक्त मार्गदर्शन करतो' असं उत्तर मिळतं आणि पावतीवर सगळी रक्कम 'ट्रेनिंग फी' म्हणून येते. नोकरी लागली नाही तर परत मागायला हातात काहीच उरत नाही.

माहितीपत्रकावर चार झेंडे आहेत. कोरियाचा ई-२ व्हिसा मुळात सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेल्या करारामुळे एक अरुंद वाट निघाली आहे, पण ती शिक्षकाचा परवाना असलेल्यांसाठी. जपानच्या शाळांत शिकवायला जो इन्स्ट्रक्टर व्हिसा लागतो, त्याला इंग्रजी माध्यमातून किमान १२ वर्षं शिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर हे दार बंद, आणि ही गोष्ट पैसे भरण्याआधी कोणी सांगत नाही. उरले थायलंड आणि व्हिएतनाम. दोन्हीकडे पदवी, टीईएफएल, पोलिस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) आणि वर्क परमिट, असा सरळ मार्ग आहे. थायलंडमध्ये आपल्यासारख्यांकडून टोइक किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचा स्कोअरही मागतात. 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' असं सुचवलं तर उठून या. वर्क परमिटशिवाय शिकवताना पकडलं तर दंड आणि हकालपट्टी तुमची होते, एजंटची नाही.

कागदपत्रांचं काम ते करून देतात, पण पाहतात वरवर. आपल्याकडे खरी अडचण नावाची असते. मार्कशीटवर आडनाव पहिलं, शिवाय आईचं नाव. पासपोर्टवर क्रम उलटा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र, गरज पडल्यास नावबदलाचं राजपत्र हे सगळं साक्षांकन सुरू करण्याआधी जुळवा. प्रोव्हिजनल सर्टिफिकेट चालत नाही, दीक्षान्त समारंभानंतर मिळणारं पदवी प्रमाणपत्रच लागतं. कोणत्या देशाला अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का) चालतं आणि कुठे दूतावासाचा शिक्काही लागतो हे शाळेकडूनच लेखी घ्या. उदाहरणार्थ, यूएईला अजून दूतावासच लागतो, शेजारच्या ओमानला अपोस्टिल पुरतं.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवरून स्वतःच काढा. फी ५०० रुपये, ठाणेकरांचं केंद्र वागळे इस्टेटमध्ये. पासपोर्टवर जुना पत्ता असेल तर पडताळणीला वेळ लागतो. पण फार आधीही काढू नका, बरेच देश तीन ते सहा महिन्यांपेक्षा जुना दाखला घेत नाहीत. ऑफर लेटर हातात आलं की अर्ज करा.

डेमो लेक्चर फुकट आहे. रविवारचं गाठा, बाई शिकवतात. शनिवारी नुसता काउन्सेलर बोलतो. इमारतीला लिफ्ट नाही, आणि गाडी घेऊन जायचा विचार करू नका.